खांबाचे बूड आणि दाराची चौकट
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता मी घराच्या लाकडावर बोलणार म्हटल्यावर मागे काही जण हसले. हसा. पण गावी गेल्यावर सुताराला एवढे विचारा, की आमच्यासारखी सागाची चौकट आणि ओसरीचे दोन खांब नव्याने करायला काय लागेल? तो सांगेल त्या रकमेचे किती क्विंटल कापूस होतात ते मोजा. आजोबांनी एका बऱ्या सालात घातलेले ते लाकूड आपल्याच्याने पुन्हा घालणे होणार नाही. बांधावर साग उभा आहे म्हणाल, तर १९६४ चा झाडे तोडण्याचा कायदा आडवा येतो. झाड माझे, रान माझे, आणि कुऱ्हाड लावायची परवानगी साहेबाची! तेव्हा जे दारात उभे आहे ते राखायचे.

आमच्या ओसरीचा खांब दिसायला ठणठणीत होता. एका पोळ्याला त्याला बैल बांधला आणि खांब हलला. बुडाशी विळ्याचे टोक टोचले तर ते सहज आत गेले. वडील म्हणाले, जुना झाला. पण हातभर वर तोच खांब दगडासारखा टणक! वय तर दोन्हीकडे सारखेच. फरक पाण्याचा होता. कोरडे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ओल धरली की बुरशी लागते आणि मग वाळवीचेही फावते.

जुन्या माणसांना हे कळत होते. त्यांनी खांब मातीत पुरला नाही, दगडी तळखड्यावर उभा केला. आपण काय केले? दरसाल मुरूम टाकला, सारवले, वर फरशी घातली. अंगण चढत गेले आणि तळखडा गाडला गेला. त्यातून गावात सिमेंटचा रस्ता झाला तो उंबरठ्यापेक्षा उंच. ठेकेदार बिल घेऊन गेला, पाणी आपल्या दारात राहिले. म्हणून पहिले काम फुकटचे आहे. तळखडा उघडा होईपर्यंत माती काढा, पाण्याला उतार द्या. पत्र्याचे पाणी चौकटीवर पडत असेल तर पन्हळ लावा.

दुसरे, पऱ्हाट्यांचे भारे भिंतीला टेकवून ठेवता, ते हलवा. वाळवी जमिनीतून येते, तिला उजेड आणि मोकळी हवा सोसत नाही. भाऱ्याच्या आडोशाने ती बिनबोभाट वर चढते. शिवाय त्याच पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसलेली असते. खांबावर मातीची नळी दिसली तर मोडा आणि चार दिवसांनी पुन्हा पाहा. पुन्हा बांधली असेल तर आत वस्ती आहे. मग कपाशीचे उरलेले औषध मात्र अंदाजाने ओतू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली ते आपण पाहिले आहे. दार हे लेकरांच्या हाताखालचे लाकूड आहे. वाळवीचे औषध माहीतगाराकडून मारून घ्या.

आता तेल. एके काळी विदर्भात रब्बीला जवस घरोघर असे. जवसाचे तेल हवेने सुकते, लाकडात मुरते आणि पाणी अडवते. सरकीचे चालेल का, असे विचारतात. ते नीट सुकत नाही, चिकट राहते, धूळ धरते. ट्रॅक्टरचे काळे तेल तर सुकतच नाही, अंगाला वाईट, गव्हाणीच्या लाकडाला तर लावूच नका. घाण्याचे कच्चे जवस तेल सुकायला बरेच दिवस घेते, रंगाच्या दुकानातले बेलतेल लवकर सुकते. उन्हाळ्यात, लाकूड खडखडीत असताना पातळ हात द्या, मुरले नाही तेवढे पुसून काढा, सुकल्यावर दुसरा हात. फळीची कापलेली टोके आणि चौकटीचे बूड यांना जास्त पाजा, पाणी तिथूनच शिरते. पावसाचा मार थेट लागतो त्या बाजूला एका सालात भागत नाही, दर उन्हाळ्याला लावा किंवा वर ऑईलपेंट द्या.

आणि हे मायबहिणींनी नीट ऐकावे, कारण घर आवरणे त्यांच्याकडे असते. जवस तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर सुकता सुकता आतून तापतात आणि काडी न लावता पेटतात. आपल्या घरात काय असते? भाव येईल म्हणून थांबवलेला कापूस, आणि परड्यात कडब्याची गंजी. चिंधी लगेच पाण्याच्या बादलीत बुडवा, नाही तर घरापासून लांब, दगडावर एकेक मोकळी पसरून वाळवा. पूर्ण कडक झाल्याशिवाय ती उचलू नका.