मेलेल्या झाडाचीही नोंद
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



दहावी होऊन तीस वर्षं झाली, तरी या हॉलमध्ये उभं राहिलं की हात आपोआप पाठीमागे जातात. सर गृहपाठ विचारतील अशी धाकधूक अजून वाटते.

संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता, ‘संगणक आणि उद्याचं जग’. पण सोबतच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ होती : ‘दुपारी ४ वाजता शाळेच्या आवारात ५०० रोपांचं वृक्षारोपण’. ती वाचली आणि मी विषय बदलून मागितला. आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने झाडांवर का बोलावं, ते आधी सांगते. ते सांगायला मला तीस वर्षं लागली आहेत.

नववीत वर्गात एक तक्ता भरून घेतला होता. त्यात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी लिहिलं, ‘विद्यापीठात नोकरी’. आपण राहुरीची मुलं. विद्यापीठात नोकरी म्हटल्यावर मैत्रिणींचा समज झाला की माझे वडील प्राध्यापक असावेत. मी तो समज दुरुस्त केला नाही. अण्णा झाडांच्या रोपवाटिकेत मजूर होते. पिशव्या भरायचे, पाणी घालायचे, झाडं मोजायचे. ते शाळेत यायचे म्हणाले की मी काहीतरी कारण काढून त्यांना थांबवायची. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. बोलले कधी नाहीत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

अण्णा काय काम करत होते, हे मला कळलं ते माझ्या भावाच्या मुलीमुळे. तिने बारावीनंतर दापोलीला बी.एस्सी. वनशास्त्राला प्रवेश घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी पुण्याहून फोन करून तिला अर्धा तास समजावलं. “चार वर्षं झाडं शिकून करणार काय?” ती शांतपणे म्हणाली, “आत्या, आजोबांची डायरी तू कधी उघडून पाहिलीस का?”

डायरीकडे येते. त्याआधी या शिक्षणाची थोडी गोष्ट, कारण विद्यापीठाच्या कुंपणाला लागून वाढलो तरी आपल्याला ती ठाऊक नव्हती.

जंगलाचं शिक्षण आपल्या देशात जुनं आहे, पण विद्यापीठात ते फार उशिरा आलं. १८६४ साली इंग्रजांनी वनखातं उभं केलं आणि १८७८ साली डेहराडूनला वनशाळा काढली. तिथे शिकायचं ते खात्यातल्या माणसांनी. बारावी झालेल्या मुलामुलींनी ‘मला जंगल शिकायचंय’ म्हणून अर्ज करावा, अशी सोय पुढे शंभर वर्षं आपल्याकडे नव्हती. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाचा अहवाल आला. जळण, चारा, लाकूड या सगळ्याचा भार एकट्या जंगलाला पेलणार नाही. गावाची पडीक जमीन, शेताचे बांध, रस्त्याच्या कडा इथेही झाडं वाढली पाहिजेत, हा सामाजिक वनीकरणाचा विचार त्यातून जोर धरू लागला. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ साली स्वतंत्र विभाग झाला. आता बांधावर झाड वाढवायचं तर झाड आणि पीक दोन्ही समजणारा माणूस हवा. तो घडवायची जागा म्हणजे कृषी विद्यापीठ. त्याच दशकात दापोली आणि अकोल्याला वनशास्त्राची चार वर्षांची पदवी सुरू झाली.

आपल्या राज्यात अशी विद्यापीठं चार. १९६८ साली साऱ्या महाराष्ट्राचं एकच होतं. १९६९ मध्ये विदर्भासाठी अकोल्याचं वेगळं झालं आणि पश्चिम महाराष्ट्राचं आपल्या राहुरीत, महात्मा फुल्यांच्या नावाने. १९७२ साली दापोली आणि परभणी. चारही १९८३ च्या एकाच कायद्याने चालतात. राज्यपाल कुलपती, कृषिमंत्री प्रतिकुलपती, आणि चौघांचा मेळ घालायला पुण्यात कृषी शिक्षण व संशोधन परिषद. आतलं काम तीन खांबांवर उभं असतं : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेत कळलेलं शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं.

वनशास्त्राची पदवी दापोली-अकोल्याची. राहुरीत झाडं आली ती संशोधनाच्या दारातून. १९८३ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने कृषिवनशेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प २० केंद्रांवर सुरू केला. राहुरीतही त्याचं केंद्र आहे. अशा प्रकल्पात ७५ टक्के खर्च परिषदेचा, २५ टक्के राज्याचा. प्रश्न साधा आहे आणि तो प्रत्येक शेतकरी विचारतो : झाडाच्या सावलीत पीक बुडतं, मग मी झाड का लावू? त्याचं उत्तर भाषणाने देता येत नाही. झाडापासून किती हातांवर पीक किती कमी आलं, आणि झाडाने चारा, जळण, लाकूड किती दिलं, हे वर्षानुवर्षं मोजावं लागतं. उसाचा निकाल वर्ष-दीड वर्षात हातात येतो. झाडाचा यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्यात साहेब बदलतात, विद्यार्थी पदवी घेऊन जातात. प्लॉटवर टिकून राहतात ती झाडं आणि ती मोजणारा मजूर.

आता डायरी. अण्णा सातवी पास होते. कार्यालयाच्या नोंदवहीत साहेब लिहायचे. अण्णा संध्याकाळी घरी येऊन तेच आपल्या खिशातल्या डायरीत उतरवायचे. प्लॉट नंबर, झाड नंबर, घेर, उंची. घेर नेहमी एकाच उंचीवर मोजायचा असतो, जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवर. त्यासाठी त्यांनी बांबूची एक काठी कापून ठेवली होती. ती काठी आमच्या दाराआड असायची आणि मी तिने चिंचा पाडायची. अण्णा एकदाच माझ्यावर ओरडले, ते मी त्या काठीचं टोक मोडलं तेव्हा. का ओरडले ते मला भाचीने सांगितलं. टोक मोडलं की माप चुकलं, आणि माप चुकलं की मागच्या सगळ्या वर्षांशी तुलना गेली.

डायरीत मधेमधे एक शब्द येतो : ‘मेले’. झाड नंबर १४, मेले. झाड नंबर ३१, मेले, वाळवी. पुढच्या वर्षी पुन्हा : नंबर १४, मेले. त्याच्यापुढच्या वर्षीही. मेलेल्या झाडाचा नंबर त्यांनी कुठेही खोडलेला नाही, दुसऱ्या झाडाला दिलेला नाही. मी ज्या कामावर पोट भरते त्यातही हाच नियम आहे. यंत्रणा कुठे पडली याची नोंद पुसली, की पुढच्या वेळी ती तिथेच पडते. हे मला कॉलेजात शिकवलं गेलं असं मी समजत होते. ते माझ्या घरात, दाराआडच्या काठीशेजारी होतं.

भाची आता तिसऱ्या वर्षाला आहे. रोपवाटिका, वनसंवर्धन, झाडांची मोजणी, लाकूडशास्त्र, वन्यजीव असं सगळं शिकते. तिच्याकडून कळलं की भारतीय वनसेवेच्या परीक्षेला इंजिनिअरिंगचे पदवीधरही चालतात. म्हणजे मलाही बसता आलं असतं. माझ्या कधी मनातही आलं नाही. नोकऱ्या थोड्या आहेत, हे ती लपवत नाही. पण आपला देश २०१४ साली कृषिवनशेतीचं राष्ट्रीय धोरण करणारा जगातला पहिला देश ठरला, आणि तरी स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायला परवानगी लागेल का, या धास्तीने शेतकरी ते लावतच नाही. अशा ठिकाणी मला काम आहे, असं ती म्हणते. मी आता तिला समजावत नाही. मी ऐकते.

तिला आपली कार्यक्रमपत्रिका दाखवली. तिने तीन प्रश्न विचारले. पहिला : मे महिन्यात रोपं लावतात का? दुसरा : पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? तिसरा : याआधी तिथे लावलेल्यांपैकी किती जगली?

तिसऱ्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण सातवीत असताना वृक्षदिंडी काढली होती, ओळीने खड्डे केले होते, फोटोही आहे. मागच्या कुंपणाजवळचा एक कडुनिंब सोडला तर त्यातलं काही उरलेलं नाही. दोष कुणा एकाचा नाही. लावायला आपण सगळे होतो, मोजायला कुणीच नव्हतं. आपल्या भागात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. अकोल्याच्या, म्हणजे आपल्या अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर नुसतं बी पडलं तरी उगवेल. इथे दोन उन्हाळे काढून द्यावे लागतात. जिल्ह्यात हिवरे बाजारने हे करून दाखवलं, पण त्यांनी आधी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, पाणी अडवलं. आणि प्रत्येक मोकळी जागा झाड मागतेच असंही नाही. कर्जतच्या रेहेकुरीला काळवीट आहेत ते तिथे गवत आहे म्हणून.

म्हणून माझी एक विनंती आहे. संयोजकांनी रागावू नये; हार-तुरे तेवढेच घ्या, फोटोही काढू. पण आज चार वाजता रोपं लावू नका. आज फक्त खड्डे घेऊ, दोन फूट बाय दोन फूट, दोन फूट खोल. ते महिनाभर उन्हात तापू देत. रोपं पावसाळा लागेपर्यंत रोपवाटिकेतच राहू देत. जुलैत चांगली ओल झाली की लावू. आणि ५०० नकोत. दारात आपल्या तुकडीचा हजेरीपट लावला आहे, त्यावर ८४ नावं आहेत. त्यातले चौघे आज आपल्यात नाहीत. उरलो ८०. दोघांमागे एक झाड म्हणजे ४० : कडुनिंब, चिंच, करंज, शिरीष. प्रत्येक जोडीत एक गावातला आणि एक बाहेरचा असावा. गावातल्याने लक्ष ठेवायचं, बाहेरच्याने पाण्याचा आणि काट्याच्या कुंपणाचा खर्च द्यायचा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत कमी पडेल तो खर्च माझ्याकडे.

एक वही मी आणली आहे. ४० ओळी आखल्या आहेत. शाळेतल्या आठवीच्या मुलांनी दर वर्षी घेर आणि उंची मोजून त्यात लिहायचं. काठीही आणली आहे, अण्णांच्या मापाची, नवी कापून घेतली. जे झाड जाईल त्याच्यापुढे ‘मेले’ लिहायचं आणि का ते लिहायचं. नंबर खोडायचा नाही. हजेरीपटावरची ती चार नावं संयोजकांनी वगळली नाहीत, हे आज सकाळी पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

शेवटचं एक काम. सर, नववीच्या त्या तक्त्यातला माझा रकाना अपुरा राहिला होता. तो आज पूर्ण करते. वडिलांचा व्यवसाय : कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत मजूर. झाडं मोजण्याचं काम.

चार वाजता मागच्या कुंपणापाशी भेटू. टिकाव-फावडी आणून ठेवली आहेत.