म्युनिकमधील लिनक्स
संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणारे कार्यक्रम यांना जोडणाऱ्या मूलभूत व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात कार्यप्रणाली म्हणतात, आणि जिची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते ती मुक्तस्रोत कार्यप्रणाली होय. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने जिचा गाभा लिहिला त्या लिनक्सने सर्व्हरांवर आणि, अँड्रॉइडच्या रूपाने, मोबाइलमध्ये केव्हाच जम बसवला असला, तरी कार्यालयांतील टेबलांवर मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचेच वर्चस्व टिकून राहिले. जर्मनीतील म्युनिक नगर परिषदेने २००३ मध्ये लिनक्सची निवड केली, तेव्हा ती टाळण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटले होते, यावरून प्रश्न केवळ एका ग्राहकाचा नव्हता हे उघड होते. सुमारे १५ हजार संगणकांचे हे स्थलांतर २०१३ मध्ये पूर्ण झाले; पण २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. अडचण कार्यप्रणालीपेक्षा तिच्याभोवतीच्या व्यवहाराची अधिक होती, कारण बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजांची मांडणी विस्कटत असे आणि काही खात्यांचे विशेष कार्यक्रम विंडोजवाचून चालत नसत. श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांसाठी जाहीर केलेल्या योजनेत म्हणूनच, बहुधा, लिब्रेऑफिस हा मुक्तस्रोत कार्यालयीन संच आधी आणि लिनक्स नंतर असा क्रम ठेवला. या योजनेमागचे मुख्य कारण खर्चापेक्षाही नागरिकांच्या माहितीवरील ताबा, म्हणजेच डिजिटल सार्वभौमत्व, हे सांगितले गेले.