टाकी भरते, पण उतरत नाही

आजचा विषय घराच्या मागल्या बाजूचा आहे. पुढल्या बाजूची चर्चा आपण पुष्कळ करतो. ओटा, अंगण, तुळशीवृंदावन, नवा रंग यांवर सारे बोलतात. पण मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते परत येऊन मोरीत उभे राहिले, म्हणजे मग सारे घर विचारू लागते.

समजा, नेवासे तालुक्यात शनिशिंगणापुरास तुमचे घर आहे. दोन खोल्या यात्रेकरूंना देता. एरवी सहा माणसांचे घर. पण शनिवारी अमावास्या आली की पंधरा-वीस माणसे अंघोळीला रांग लावतात. पाणी मोरीतून नळीने मागच्या टाकीत आणि टाकीतून शोषखड्ड्यात जाते. सकाळी आठपर्यंत सारे ठीक चालते. दहाला टाकी गुडगुड करू लागते आणि दुपारी मोरीत घोट्याएवढे पाणी साचते. मग नित्याचा क्रम सुरू होतो. कोणी वेळूची काठी खुपसतो, कोणी दुकानातून तेजाबाची बाटली आणतो, आणि सरतेशेवटी रात्रीतून एक चर खणून ते पाणी शेजाऱ्याच्या बांधाकडे वळवले जाते. तिथून पुढे भांडण, आणि भांडण ग्रामपंचायतीत. पाण्याची वाट चुकली म्हणून दोन घरांचे बोलणे बंद पडावे, हे काही बरे नव्हे.

काठी हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी : अडले आहे कोठे? हळू उतरणाऱ्या टाकीची दुखणी बहुतेक तीन असतात. तोंड बुजलेले असते, नाहीतर आत हवा जात नाही, नाहीतर पुढली जमीन पाणी पीत नाही. तिघांची औषधे अगदी वेगळी आहेत. जमीन पाणी पीत नसेल तर तोंडात काठी घालून काय होणार?

हवेचे दुखणे आधी घेऊ, कारण त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. शिंगणापुरात तेलाच्या डब्याची ओळख करून द्यायला नको. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडा आणि डबा आडवा करा. तेल थोडे येते, थांबते, डबा गुडगुडतो, पुन्हा थोडे येते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडा, की सरळ धार लागते. हे दुसरे भोक तेलासाठी नव्हे, हवेसाठी असते. तेल जेवढी जागा सोडील, तेवढी जागा भरायला हवा आत यावी लागते. आपल्या प्लास्टिकच्या बंद टाकीचे असेच आहे. तिला वर हवेची नळी हवी, आणि ती मोकळी हवी. कुंभारीण माशी अशा नळीत मातीचे घर बांधते. कधी पालापाचोळा पडतो. कधी घरातलेच कोणी वास येतो म्हणून तिच्या तोंडाला चिंधी कोंबतो. नळी छपराच्या वर न्यावी आणि तोंडाला बारीक जाळी बांधावी, म्हणजे माशी, डास आणि चिंधी तिन्ही टळतात.

आता परीक्षा कशी करायची ते सांगतो. टाकी आणि शोषखड्डा यांच्यामधल्या नळीचा सांधा सोडा. हातमोजे घाला, खाली घमेले ठेवा. पाणी जोराने आले तर टाकी निर्दोष आहे, दोष खड्ड्याचा. पाणी बारीकच येत असेल तर बाजूला उभे राहून टाकीचे झाकण उघडा, वाकून आत डोकावू नका. झाकण उघडताच धार वाढली, तर हवा अडली होती. तरीही वाढली नाही, तर तोंडाशी किंवा नळीत काही बसले आहे. एवढ्याने चारातली तीन घरे विनाकारण खणण्यापासून वाचतील, असा माझा अंदाज आहे.

एक मात्र ध्यानात असू द्या. निरोगी टाकीसुद्धा शेवटी शेवटी हळूच उतरते. इटलीतल्या टॉरिचेली नावाच्या शास्त्रज्ञाने १६४४ साली याचा नियम प्रसिद्ध केला : धारेचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. तोंडाच्या वर चार फूट पाणी असताना जो वेग, तो एक फूट उरल्यावर निम्मा होतो. म्हणून अर्धी टाकी दहा मिनिटांत उतरली आणि उरलेली अर्धी उतरायला त्याहून बराच वेळ लागला, तर घाबरू नये.

तोंड का बुजते? शिंगणापुरात याचे कारण दारापाशीच आहे. साडेपाच फुटांच्या त्या शिळेवर तेल वाहण्याची परंपरा आपण जाणताच. पूर्वी पुरुषांनी स्नान करून ओलेत्यानेच चौथऱ्यावर जाण्याची रीत होती. तेलाचे हात, तेलाचे कपडे, त्यावर साबण, आणि खाली विहिरीचे जड पाणी. जड पाण्यात चुना असतो. साबण त्याच्याशी मिळून पांढरा चिकट साका धरतो. त्यात तेल मिसळले, केस अडकले, की नळीच्या आतून थर चढू लागतो. स्वयंपाकघरातून वनस्पती तूप येते, ते तर थंडीत गोठतेच. पुष्कळजण वरून कढत पाणी ओततात. थर वितळतो खरा, पण दहा फूट पुढे जाऊन निवला की तिथे पुन्हा बसतो. आणि पुढची जागा बहुधा जमिनीखाली असते.

तेजाबाच्या मी साफ विरुद्ध आहे. त्याने तेल जात नाही, सिमेंट मात्र खाल्ले जाते, आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाते. आधी दुसऱ्या कसल्या पुडीचे औषध ओतले असेल, तर दोन्ही मिळून विषारी वायूही सुटू शकतो. त्यापेक्षा लवचीक तार किंवा वेताची छडी घ्यावी, पुढे गोणपाटाचा बोळा घट्ट बांधावा, आणि खालच्या तोंडाकडून वर असे खरवडावे, म्हणजे निघालेला साका पुढे ढकलला जात नाही. मग दोन बादल्या पाणी एकदम सोडावे. थेंबथेंब सोडलेले पाणी काही वाहून नेत नाही. नळीला उतार आहे ना, हेही पाहावे. चार इंची नळीला दहा फुटांत तीन इंच उतार पुरेसा आहे.

तेल पुढे जाऊच नये म्हणून मोरी आणि टाकी यांच्यामध्ये एक छोटे हौद बांधावे. तेल पाण्यावर तरंगते, एवढ्याच गोष्टीचा हा फायदा. हौदातून बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड खाली वळवून पाण्यात बुडलेले ठेवले, की खालचे पाणी पुढे जाते आणि तेल वर राहते. आठवड्याला ते पळीने काढून राखेत कालवावे आणि कचऱ्यात टाकावे. यात्रेच्या दिवसांत रोज काढावे लागेल, त्याला इलाज नाही.

आता जमीन. मी भूगोलाचा माणूस, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे. नेवाशाकडची काळी माती कापसाला, उसाला उत्तम. पण पाणी जिरवण्याच्या कामाला फार वाईट. ती ओली झाली की फुगते आणि आपलीच छिद्रे बंद करते. उन्हाळ्यात तिला हात घालता येतील अशा भेगा पडतात, आणि त्या भेगा पाहून गवंडी सांगतो, ‘इथे पाणी झक्क जिरेल.’ पहिल्या पावसात भेगा मिटतात. म्हणून शोषखड्डा काळ्या मातीत संपवू नये. खाली मुरूम लागेतो जावे. त्यातही मुळा धरणाच्या कालव्याजवळ शेत असेल तर पावसाळ्यात जमिनीतले पाणी किती वर येते, ते विहिरीत पाहून घ्यावे. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या निदान सहा फूट वर हवा, आणि पिण्याच्या विहिरीपासून खड्डा पन्नास फूट दूर हवा. इथे चूक झाली तर शेजाऱ्याच्या पोराला जुलाब होतील, आणि कशाने झाले ते कोणाला कळायचे नाही.

हिशेब करून पाहा. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा म्हणजे सत्तावीस घनफूट, सुमारे ७६५ लिटर. त्यात दगड भरले की पोकळी एक-तृतीयांश उरते, म्हणजे अडीचशे लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. सहा माणसांचे ३३० लिटर झाले. म्हणजे एका दिवसाचे पाणीदेखील खड्ड्यात मावत नाही; ते दिवसभरात जिरतच राहिले पाहिजे. डोक्यावरून हंडे आणणाऱ्या घराला जो खड्डा पुरत होता, तो नळ आल्यावर पुरत नाही. नळ घरात आणताना आपण खड्ड्याचा विचारच केला नाही.

खड्डा भरताना तळाशी मोठे दगड, वर लहान, आणि पाणी पडते तिथे तळाला भोके पाडलेले मातीचे मडके ठेवावे. मडक्यात काथ्या घालावा आणि दर पंधरा दिवसांनी बदलावा. गाळ मडक्यात अडला तर दगडांवर बुळबुळीत थर उशिरा धरतो. जागा असेल तर दोन खड्डे घ्यावेत आणि आलटून पालटून वापरावेत. विसावा मिळालेल्या खड्ड्यातला थर वाळतो आणि जमीन पुन्हा पाणी पिऊ लागते. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि डासांचा त्रास घालवला. घाण पाण्यातला डास हत्तीरोगाचा वाहक असतो. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्याचा, त्यामुळे रांजण तरीही आठवड्याला कोरडा करावाच लागेल.

आणि आता जे सांगतो ते घरातल्या तरुणांना वाचून दाखवा. टाकीत उतरू नका. साठलेल्या सांडपाण्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. तो वाढला म्हणजे नाक बधिर होते, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते की आता हवा बरी आहे. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. काडी किंवा कंदीलही आत धरू नका. त्यातला दुसरा एक वायू पेट घेतो. पैसे देऊन मजुराला उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाळ उपसायला पंपाची गाडी बोलवावी. शिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. टाकीला मात्र जड झाकण हवेच, खेळणारे मूल आत पडू नये म्हणून.

अलीकडे घरासारख्या गाड्या घेऊन लोक देवदर्शनाला निघतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये या पर्यटनाचे धोरणही केले. त्या गाडीच्या पोटात अशीच टाकी असते, आणि ती उतरत नाही तेव्हा कारणे हीच असतात. गाडी तोंडाच्या बाजूला किंचित कलती उभी करावी, हवेची नळी पाहावी, आणि तळाला साका धरला असेल तर टाकी अर्धी पाण्याने भरून चार-पाच मैल फिरवून मग रिकामी करावी. धक्क्यांनी साका सुटतो. रिकामी कोठे करायची, ते मात्र यजमानाला विचारूनच. कालव्याच्या काठी नव्हे.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. नव्या खड्ड्याच्या तळाशी एक फुटाचा लहान खळगा खणा. तो पाण्याने भरून रात्रभर भिजू द्या, म्हणजे माती फुगायची तेवढी फुगेल. सकाळी सहा इंच पाणी घाला, पट्टी उभी धरा आणि घड्याळ लावा. एक इंच अर्ध्या तासाच्या आत उतरला तर जागा चांगली. तासाहून अधिक लागला तर तिथे शोषखड्डा न करता पाणी परसातल्या केळी-कर्दळीला न्यावे. चौथीतल्या मुलालाही हे मोजता येते, आणि त्याने वहीत लिहून आणलेला आकडा गवंडी येईल त्या दिवशी त्याच्यापुढे ठेवा.