मुलांच्या हाती मोबाईल : निर्णय केव्हा आणि कुणी घ्यायचा?

(सोलापूर येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावीचा निकाल लागला की मोबाईलच्या दुकानात एक दृश्य हमखास दिसते. मुलगा काचेआडच्या फोनकडे बोट दाखवतो, वडील ‘केवढ्याला?’ म्हणून विचारतात आणि आई मनातल्या मनात महिन्याचा हिशेब मांडते. किमतीवरून घासाघीस होते. ‘कशासाठी?’ हा प्रश्न मात्र त्या दुकानात कुणीच विचारत नाही. तो खरे तर घरातच विचारला जायला हवा होता.

पुष्कळ घरांत तर हा निर्णय कुणी घेतलाच नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळांना कुलपे लागली आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. यंत्रमागावर राबणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या कुटुंबांनीही पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. पुढे शाळा उघडल्या. पण आपद्धर्म म्हणून दिलेली वस्तू परत मागण्याचे धैर्य फार थोड्या पालकांना झाले.

त्याचा परिणाम आकड्यांतून दिसतो. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षे वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुले ७६ टक्के होती. स्वतःचा फोन असलेल्यांत मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण अधिक आहे. म्हणजे मुलावर विश्वास आणि मुलीवर पहारा, असा दुजाभाव येथेही आहेच. संस्काराचा नियम दोघांना सारखाच असला पाहिजे.

मग मोबाईल वाईट आहे का? याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यानेच जगाला दिले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारापैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. या उदाहरणाचे मर्म नीट ध्यानी घ्यावे. क्यूआर कोड वाचण्यासाठी मुलाच्या मालकीचा फोन लागत नाही. आईवडिलांचा फोन अर्धा तास मिळाला तरी काम भागते. वापर आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्ञानासाठी वापर पुरतो. मालकी हवी असेल, तर आधी जबाबदारी पेलता यायला हवी.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या नावे सिमकार्ड दिले जात नाही; फोन मुलाच्या खिशात असला तरी क्रमांक बहुधा पालकाच्याच नावावर असतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालकच मानले आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली.

परंतु केवळ मनाई पुरेशी आहे का? २०२२ मध्ये महाराष्ट्रातील दोन गावांनी दोन वाटा निवडल्या. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास साऱ्या गावाने दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवायचे ठरले. पहिल्या गावाचा नियम मुलांपुरता होता. दुसऱ्या गावात वडीलधाऱ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा होता. पूर्वी दिवेलागणीला घरातील सगळे एकत्र बसत; भोंग्याने त्याच वेळेची आठवण करून दिली. बाप जेवतानाही पडद्यात डोके खुपसून बसत असेल, तर त्याचा उपदेश मुलाने का ऐकावा?

तेव्हा निर्णयाची वेळ वयाच्या एका आकड्याने ठरत नाही. एकट्याने एस.टी.ने शिकवणीला जाणाऱ्या मुलाला संपर्क हवा असेल, तर बटणांचा साधा फोन पुरतो. स्मार्टफोन काही वर्षे घराचा असावा आणि सर्वांसमोर वापरला जावा. ठरलेली वेळ संपताच मूल आपणहून फोन खाली ठेवते का? ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे त्याला कळते का? अनोळखी व्यक्तीने छायाचित्र मागितले तर ते नकार देते का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येऊ लागली, की स्वतःच्या फोनचा विचार करावा. तेव्हाही रात्री घरातील सर्वांचे फोन बैठकीच्या खोलीतच राहावेत.

सर्वांत महत्त्वाची कसोटी मात्र पालकांची आहे. मुलाच्या हातून चूक झाली, कुणी त्याला धमकावू लागले, तर ते आधी कुणाकडे धाव घेईल? मार बसेल या भीतीने मूल गप्प राहिले, तर धमकावणाऱ्याचे बळ दुणावते आणि कोवळा जीव एकटा पडतो. मदतीसाठी बालकांकरिता १०९८ आणि सायबर फसवणुकीकरिता १९३० हे क्रमांक आहेत. मात्र ते फिरवण्याआधी मुलाने आईवडिलांना हाक मारलेली असावी. ‘काहीही झाले तरी आधी आम्हांला सांग, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत’ हा शब्द ज्या घरात दिला जातो आणि पाळलाही जातो, त्या घराने मुलाच्या हाती फोन द्यायला हरकत नाही.