हंगाम संपल्यावरचें माथेरान



मे महिना आला कीं घरोघरीं थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडतांच ती थांबते. जणूं डोंगरही आपल्याबरोबर सामान बांधून खालीं उतरतो! डोंगर मात्र जागच्या जागींच असतो, आणि त्याच्यावर पोट भरणारीं माणसेंही तेथेंच असतात.

माथेरानच्या पायथ्याशीं एका शाळेंत मी बरींच वर्षें शिक्षक होतों. वर्गांतील कांहीं मुलांचे वडील डोंगरावर हमाली करीत, कांहींचे घोडा धरीत. जूनमध्यें हीं मुलें नव्या वह्या घेऊन येत. गणपतीच्या सुमारास जुन्या वहींतील कोऱ्या पानांवर भागवावें लागे, आणि दसऱ्याला दुकानदार उधार देईनासा होई. हंगाम संपून किती दिवस झाले, हें मला वर्गाकडे पाहूनच कळे.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे १८५० सालीं या डोंगरावर चढले आणि पुढें येथें वस्ती वाढली. १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. उकाडा टाळण्यासाठीं वसविलेलें हें गांव. म्हणून त्याचा हंगामही उन्हाळ्याचा ठरला. पण तोच एक हंगाम कां असावा?

आषाढांतील मुसळधार पावसांत मुलाबाळांसह कड्यावर जा, असें मी मुळींच सुचवीत नाहीं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनें आगगाडीचा मार्ग असा उखडला कीं, ती पुन्हां धांवूं लागण्यास २००७ साल उजाडलें. निसर्गाशीं हट्ट चालत नाहीं. मी सांगतों तो काळ गणपतीनंतर दसऱ्यापर्यंतचा, आणि दिवाळीची सुटी सरल्यावर मार्गशीर्षाचा. तेव्हां पाऊस ओसरलेला असतो, झाडी हिरवीगार असते आणि शार्लट तलाव भरलेला असतो. उन्हाळ्यांत माणसें फार आणि पाणी थोडें. तें उलटें गणित या दिवसांत सुलटें होतें.

येथें एक सावधगिरी हवी. साताऱ्याजवळील कास पठारावर फुलांच्या दिवसांत इतकी गर्दी लोटूं लागली कीं, प्रवेशास दैनिक मर्यादा घालावी लागली. माथेरान तर २००३ सालीं केंद्र सरकारनें पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलेलें आहे. तेव्हां मेमधील झुंबड तशीच ठेवून तिच्यांत दुसऱ्या झुंबडीची भर घालणें हें हिताचें नव्हे. हंगाम वाढविणें हा गुणाकार नसून भागाकार आहे: तींच माणसें अधिक महिन्यांत वांटलीं जावींत.

हा भागाकार कोणीं करावा? ज्यांना शाळेच्या सुटीचें बंधन नाहीं, अशा आम्हां निवृत्तांनीं आरंभ करावा. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीं जावें, एक-दोन रात्री राहावें, पायीं फिरावें, ओझें हमालाकडे द्यावें आणि त्याच्या मजुरींत घासाघीस करूं नये. आपल्या हिशेबांत ती रक्कम क्षुल्लक असते. पण एखाद्या घरीं तिच्यांतून दसऱ्याला कोरी वही येते. शिक्षकाच्या दृष्टीनें हंगाम वाढल्याची याहून खरी खूण नाहीं.