या, गोधडी शिवायला बसू

पनवेलचे जुने वाडे गेले, त्यांच्या पडव्या आणि अंगणं गेली, आणि पाठोपाठ घरोघरचं गोधडी शिवणंही गेलं. हौस संपली असं मला वाटत नाही. अंथरायला जागा उरली नाही. गोधडी मांडीवर घेऊन शिवता येते, पण मांडावी लागते ती जमिनीवरच. खाली अस्तर, त्यावर जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, वर रंगीत तुकडे. चौघांनी चार कोपरे ताणून धरायचे, हात फिरवत सुरकुती कडेला न्यायची, तिथे वरवंटा नाहीतर दगड ठेवायचा आणि लांब टाक्यांनी सगळं आधी टाचून घ्यायचं. हे टाचणं नीट झालं नाही, तर शिवता शिवता मधोमध कापडाचा फुगा येतो. फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा सरकवून एकटीने हा खटाटोप कोण करणार?

म्हणून पनवेलमध्ये गोधडी शिवणाऱ्यांची एक बैठक सुरू व्हावी, असं मला फार मनापासून वाटतं. नोंदणी नको, अध्यक्ष नको, वर्गणी नको. सोसायटीचा हॉल दुपारी रिकामाच असतो. आठवड्यातली एक दुपार ठरवायची आणि सतरंजी घालायची. गावातल्या आजींनी यावं, नवीन पनवेलला नव्याने राहायला आलेल्या मुलीनं यावं, निवृत्त झालेल्या काकांनीही यावं.

“पण मला शिवणकाम येत नाही हो!” ही अडचण गोधडीला नाही. तिचा टाका म्हणजे साधा धावदोरा, सुई खाली-वर, बस्स. आमच्या घरी एक गोधडी आहे. तिच्यात आईचे तांदळाएवढे टाके आहेत आणि शेजारीच माझी लहानपणीची वाकडी, पेरभर टाक्यांची ओळ. इतक्या वेळा धुतली, पण माझी ओळ अजून उसवलेली नाही. गोधडीची रीतही एकच नाही: उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका गोधडी कडेपासून सुरू करतात आणि तुकडे लावत लावत मध्यापर्यंत येतात. कोपऱ्यांना कापडाची फुलं लावल्याशिवाय ती त्यांना उघडी वाटते. आणि गोधडी कमाईचीही होऊ शकते: 1966 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गरीब कृष्णवर्णीय बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून संसाराला हातभार लावला. आपल्याला विकायचं नाही. चार माणसांत बसायचं आहे, एवढंच.

सुरुवात लहान करावी. पहिल्यांदा बाळाचं दुपटं घ्या, ते लवकर हातावेगळं होतं आणि हुरूप येतो. तशीही पनवेलच्या थंडीला जाडजूड गोधडी लागत नाही. तीन थर पुरे, सुईही सहज जाते. कापड मात्र सुतीच हवं. सिंथेटिक साडी हाताखालून निसटते आणि घाम टिपत नाही. नवा तुकडा वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि भोवतालचं कापड चुरगळतं. जुनं लुगडं असेल तर प्रश्नच नाही, ते आटून आटून मऊ झालेलं असतं. तेव्हा बोहारणीला साड्या देण्याआधी दोन सुती बाजूला काढून ठेवा.

पावसात शिवायला घेऊ नये, आपल्याकडे कापडाला दमटपणा धरतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले. शिकवणारं कुणी लागणार नाही, शेजारचा हात बघून येतं. आणि मुलांना घरी ठेवून येऊ नका. आमच्या वयाच्या बायकांना सुईत दोरा ओवून द्यायला त्यांची नजर लागते.