इंग्रजीतील काळ आणि आपण



हैदराबादेतील काचीगुड्याहून निघालेला लोहमार्ग विद्यानगर ओलांडून उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराकडे जातो. तेवढ्या लहानशा टापूत इंग्रजी क्रियापदांनी जितक्या विद्यार्थ्यांची झोप उडविली असेल, तितकी दक्षिणेत अन्यत्र क्वचितच उडविली असेल. १९१८ साली निजामाच्या अमदानीत सुरू झालेल्या या विद्यापीठात निरनिराळ्या शास्त्रांचे शिक्षण उर्दूतून दिले जाई, आणि तरीही इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. पुढे १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर शिक्षणाचे माध्यमच इंग्रजी झाले, तेव्हा परभणी-नांदेडकडून मनमाड-काचीगुडा मार्गाने येथे येऊन पोहोचणाऱ्या मराठी मुलाची अवस्था मोठी विलक्षण झाली. कारण घरी मराठी, शाळेत उर्दू, बाजारात तेलुगू आणि दखनी, आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी, असा त्याचा एकंदर सरंजाम होता.

रूपांच्या बाबतीत हा मुलगा कच्चा होता असे मात्र नव्हे. तीन काळ, प्रत्येकाच्या चार अवस्था, मिळून बारा घरांचे कोष्टक तो मुखोद्गत करी, आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरात असली तर त्यातील वाक्येही घोटी. पण निबंध लिहावयास बसला की ‘ही हॅज कम यस्टर्डे’ असे वाक्य त्याच्या लेखणीतून हटकून उतरे. शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढीत, आणि कारण विचारले असता ‘नियमच तसा आहे’ एवढे सांगून मोकळे होत. हे उत्तर हुकमासारखे आहे, आणि हुकूम पाळता येतो, समजत नाही.

वस्तुतः मुलाने काय केले? ‘तो काल आला आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य त्याने शब्दशः उचलले. पाहुणा काल आला ही हकीकत आणि तो अजून घरात आहे ही परिस्थिती, दोन्ही गोष्टी मराठी एकाच वाक्यात सुखाने नांदू देते. इंग्रजीला ते खपत नाही. तिच्या मते ‘काल’ हा शब्द उच्चारला की त्या व्यवहाराचे खाते बंद झाले. आणि ‘हॅज कम’ म्हणावयाचे तर खाते चालू असले पाहिजे, त्यात तारीख घालता कामा नये. छत्री ‘लॉस्ट’ म्हटली तर ती पुढे सापडलीही असेल. ‘हॅव लॉस्ट’ म्हटली की ती अद्याप हरवलेलीच आहे.

आश्चर्य असे की, हा भेद समजण्याची निम्मी सामग्री हैदराबादच्या विद्यार्थ्याजवळ आधीच होती. ‘आया’ हा माजी मुतलक, म्हणजे साधा भूतकाळ, ‘आया है’ हा माजी करीब, म्हणजे जवळचा भूतकाळ, आणि ‘आया था’ हा माजी बईद, म्हणजे दूरचा, हा तपशील उर्दू व्याकरणात त्याने पढलेला असे. ‘हॅज कम’च्या जातीच्या ज्या रूपास इंग्रज वैयाकरण वर्तमानकाळाच्या घरात बसवितो, त्यास उर्दू व्याकरण भूतकाळात घालते, एवढ्या एका मतभेदावर तासभर उत्तम चर्चा झाली असती. (उर्दूतही ‘कल आया है’ म्हणता येते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, म्हणूनच मी निम्मी सामग्री म्हटले.) परंतु इंग्रजीच्या तासाला इतर भाषांनी उंबऱ्याबाहेर थांबावे, असा त्या वेळचा दंडक होता.

मराठीची मौज तर आणखी निराळी. चपला शोधीत असलेला मनुष्य आतून ‘आलोच!’ म्हणून ओरडतो. ‘उद्या पाऊस आला तर’ असे आपण बेलाशक बोलतो. यांतला ‘आलो’ किंवा ‘आला’ भूतकाळाचा कसा म्हणावा? मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त अशा रूपास लाख्यात म्हटलेले आढळते, म्हणजे नाव त्यातील ‘ल’ वरून, रूपावरून दिले, काळावरून नव्हे. रूप आणि काळ या दोन वस्तू भिन्न आहेत, हे ज्यास स्वभाषेत एकदा उमगले, त्यास ‘इफ इट रेन्स टुमॉरो’ पाहून दचकण्याचे कारण उरत नाही.

पुढे १९५८ साली उस्मानियाच्या याच परिसरात केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. आज ती विद्यापीठ झाली आहे. सांगली-कोल्हापूरच्या महाविद्यालयांत प्राचार्य राहिलेले कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक एके काळी तिचे संचालक होते. त्या काळी देशभर वाक्यरचनांच्या सरावाची पद्धत मान्यता पावली होती: मुलाने दार उघडावे आणि उघडताना ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ असे मोठ्याने म्हणावे. पाठांतरापेक्षा ही रीत खचितच बरी. मात्र दार उघडताना तसे जाहीर करणारा इंग्रज मनुष्य मी तरी पाहिलेला नाही.

आजही विद्यानगरात ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य पदवीधरांच्या तोंडी सर्रास ऐकू येते. ‘दहा वर्षांपासून राहतो आहे’ या अर्थी मराठी, उर्दू आणि तेलुगू तिन्ही भाषा वर्तमानकाळच योजतात. बोलणारा त्यांपैकी कोणत्याही घरातला असो, ऐकणाऱ्यास अडचण पडत नाही. परीक्षेच्या कागदावर मी त्याखाली रेघ ओढीन. रस्त्यात कोणी तसे म्हणाले, तर मात्र घरभाडे काय पडते, एवढेच विचारीन.